एकोणीस दिवस कुठे गेले?

१

सकाळी नऊ चाळीसला तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीवरचा पाण्याचा पाइप फुटला. नऊ बावन्नला नदीपलीकडच्या दुसऱ्या केंद्रातून सगळी कामं पुन्हा सुरू झाली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. आणि साडेदहाला शस्त्रक्रिया विभागातून फोन आला, की रक्तदात्यांच्या नोंदवहीतले शेवटचे एकोणीस दिवस गायब आहेत.

फोन मुकादमिणीने घेतला. तिचं खरं नाव पगारपत्रकातच काय ते उरलेलं. कुठल्या कामाला कुठला सर्व्हर द्यायचा, हे ठरवणारी यंत्रणा ती सांभाळायची, म्हणून सगळा मजला तिला मुकादमीण म्हणायचा आणि तिलाही ते आवडायचं.

"सिस्टर, नीट शोधा ना," ती म्हणत होती. "दिसायलाच हवं."

"अगं, पंचवीस वर्षं शोधाशोधच करतेय मी," पलीकडून सिस्टरचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. "चित्रकलेच्या बाई आहेत एक, चौतीस वर्षांच्या. चार वाजता टेबलावर घ्यायचंय. त्यांचा रक्तगट हजारांत एखाद्याचा. पेढीतली एकुलती एक पिशवी सकाळीच लागली. या गटाचे तीन दाते होते. एक परदेशी गेलाय, दुसऱ्याने गेल्याच महिन्यात रक्त दिलंय. तिसरा बारा दिवसांपूर्वी नोंदवला, वेल्डर आहे. गट तपासायला मी स्वतः त्याला सुई टोचली, हातावर ठिणग्यांचे डाग होते, सुई बघून हसला होता. सगळं आठवतंय, नाव तेवढं आठवत नाही! आणि तुमची वही म्हणते असा माणूसच नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाई उठल्या.

बाईंचं वय सत्तावन्न. त्यातली बावीस वर्षं त्यांनी याच रुग्णालयाच्या रक्तपेढीत दात्यांची कार्डं लावण्यात घालवली होती. संगणक आले तेव्हा बरोबरीच्या बायकांनी दुसऱ्या विभागात बदल्या मागितल्या. बाईंनी मात्र शिकवणी लावली, वर्गात आपल्याहून तीस वर्षांनी लहान मुलांच्या शेजारी बसल्या आणि पहिल्या आल्या. आता त्यांचं काम एकच होतं. काही बिघडलं की का बिघडलं ते शोधायचं. त्या समोर येऊन बसल्या, की खोटं बोलणाऱ्याच्या घशाला कोरड पडते, असं लोक म्हणत.

"दुसरं केंद्र तपासायला समिती तीन वाजता यायचीय," साहेब म्हणाले. विभागप्रमुख होते ते. इस्त्री मोडू नये म्हणून उभ्यानेच चहा पिणारे. "आजच! बाई, हा साधा बिघाड नाही, हा घातपात आहे. दुसऱ्या केंद्रात दर पंधरा मिनिटांनी नक्कल जाते. नव्या डिस्कवर माल हलवताना कोणीतरी ती नक्कल बंद केली. आणि डिस्कांना हात लावणारा माणूस या इमारतीत एकच आहे."

पुढचं बोलायची त्यांना लाज वाटत होती, का तसं दाखवत होते, कोण जाणे.

"तुमचे जावई."

२

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं जुनी माणसं सांगत. बाईंचा हा ग्रह अगदीच मुखदुर्बळ होता. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासूशी सलग चार वाक्यं बोललेला नव्हता. मुलगी म्हणायची, "आई, तो बोलत नाही, पण करतो." बाई म्हणायच्या, "काय करतो ते कळायला तरी बोलायला हवं ना!"

तळघरात घोटाभर पाणी होतं. वीज तोडलेली, खिडकीच्या पट्टीतून येईल तेवढाच उजेड. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी पायांनी जावईबापू डिस्कांचे खण एकेक करून बाहेर काढत होते आणि कोरड्या टेबलावर पसरलेल्या चादरीवर ठेवत होते, तान्ह्या बाळाला ठेवावं तसे.

"या चालू कधी होतील?" बाईंनी विचारलं.

"उद्या दुपारी. घाई केली तर कधीच नाही."

म्हणजे नोंदी इथे होत्या, पण चारच्या आत हाताला लागणार नव्हत्या.

"जावईबापू, आता मी तुमची सासू नाही. विचारते त्याचं सरळ उत्तर द्या. दात्यांच्या नोंदवहीच्या डिस्कला तुम्ही हात लावलात?"

"हो."

बाई पाण्यातून एक पाऊल पुढे आल्या.

"कधी?"

"एकोणीस दिवसांपूर्वी. दुपारी." त्याने हातातला खण खाली ठेवला. "नोंदवहीचा कप्पा भरत आला होता. दोन दिवसांत नवी नोंद घेणं बंद पडलं असतं. मी मोठा कप्पा काढला, सगळा माल त्यात हलवला, नोंदवही नव्या कप्प्याला जोडली. जुना कप्पा तसाच ठेवला, काही राहिलं असेल तर असावा म्हणून."

बाई ऐकतच राहिल्या. सहा वर्षांतलं हे त्याचं सर्वांत मोठं भाषण होतं.

"आणि नक्कल?"

"नव्या कप्प्याचीही लावली. जुन्याच्या जोडीने."

"मग पलीकडे मिळत का नाही?"

"पलीकडच्या यादीत जुन्याच कप्प्याचं नाव असणार. ती यादी बदलायला साहेबांची परवानगी लागते. मी मागणी टाकली होती. मागण्यांच्या नोंदीत आहे. क्रमांक सहाशे बारा."

"उत्तर काय आलं?"

जावई पुढच्या खणाकडे वळला. "मी पाठपुरावा करायला हवा होता," एवढंच म्हणाला. "चूक माझी आहे."

त्याला काहीतरी माहीत होतं आणि ते तो दुसऱ्याच्या नावावर ढकलायला तयार नव्हता. हा चांगुलपणा होता की आडमुठेपणा, हे ठरवायला बाईंना वेळ नव्हता. त्या तशाच ओल्या चपलांनी चौथ्या मजल्यावर आल्या आणि मागण्यांची नोंद उघडली. तिचा कप्पा वेगळा होता. तो पलीकडे ठीकठाक उभा राहिला होता, आज सकाळपर्यंतच्या मागण्यांसकट.

सहाशे दहा. सहाशे अकरा. सहाशे तेरा.

सहाशे बारा नव्हतीच.

३

"मागणी पुसता कोणाला येते?" बाईंनी विचारलं.

"दोघांना," मुकादमीण म्हणाली. "साहेबांना आणि मला. आणि बाई, तुम्ही जे विचारणार आहात ते आधीच सांगते. मी पुसली नाही."

"मी काही विचारलं का?"

"तुमचा चष्मा विचारतोय."

बाईंना हसू आलं. त्यांनी खुर्ची ओढली. "बरं, मला शिकव. अगदी पहिल्यापासून. समज, मी कार्डंच लावतेय अजून."

मुकादमिणीने कागद ओढला. शिकवायला सांगितलं की तिचा राग उतरायचा.

"हे बघा. कुबरनेटीस म्हणजे मुकादम. नोंदवही, तपासण्यांचे अहवाल, मागण्या, ही सगळी त्याच्या हाताखालची मजुरं. एखादं आजारी पडलं की मुकादम दुसरं उभं करतो, त्याच अंगकाठीचं, त्याच कपड्यांतलं. पण मजुराचं सामान, म्हणजे नोंदी, मजुराच्या अंगावर नसतं. ते डिस्कवरच्या कप्प्यात असतं. आता ही इमारत बुडाली, तर पलीकडचा मुकादम नवीन मजूर उभे करील, पण सामान? म्हणून डिस्क स्वतःच आपली नक्कल पलीकडच्या डिस्कला पाठवत राहते. आत काय लिहिलंय ते तिला कळत नाही. जसंच्या तसं उतरवून काढते."

"आणि कुठल्या मजुराला कुठला कप्पा द्यायचा, हे पलीकडच्या मुकादमाला कसं कळतं?"

"माझ्या यादीवरून. ही बघा. दोन महिन्यांत बदललेली नाही. बदल झालाय असं मला कोणी सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण तुमच्या जावयांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं!"

"फोन आला तेव्हापासून तू काय केलंस?"

"सिस्टरबरोबर फोनवरच होते की! आत्ता, तुम्ही वर आलात तेव्हा ठेवला. एकेक नाव वाचून दाखवत होते त्यांना. तो समोरचा अख्खा मजला साक्षीला आहे."

बाईंनी समोर बघितलं. तीन-चार माना आपोआप हलल्या.

"नकलेचे दिवे दाखव मला."

पडद्यावर पलीकडच्या केंद्राचा तक्ता आला. दर कप्प्यापुढे एक दिवा. नोंदवहीपुढचा दिवा हिरवा होता.

"पाइप फुटायच्या आधी कसा होता?"

"हिरवाच. महिनाभरात एकदाही लाल झालेला नाही. म्हणून तर कोणाला शंका आली नाही."

बाई बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिल्या. दिवा खोटं बोलत नव्हता. जुन्या कप्प्याची नक्कल इमानेइतबारे चालू होती. फक्त त्या कप्प्यात एकोणीस दिवसांत कोणी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. रिकाम्या घराला पहारा बसला होता आणि पहारेकरी रोज सांगत होता, सगळं ठीक आहे.

म्हणजे नक्कल कोणी बंद केलेलीच नव्हती. घातपात हा शब्दच खोटा होता. मग तो शब्द आला कुठून?

त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब समितीसाठी सभागृह लावून घेत होते.

"साहेब, एकच विचारते. नोंदवहीचा कप्पा बदलला होता, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला? मला हे आत्ता तुमच्या तोंडून कळतंय, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. घड्याळात पावणेबारा वाजले होते. त्यांनी पर्स उचलली.

"कुठे चाललात?" मुकादमिणीने विचारलं.

"नदीपलीकडे. तू जागेवरून हलू नकोस. आणि माझ्या जावयालाही फोनजवळ राहायला सांग. चारच्या आत मला तुम्ही दोघं लागाल."

"पण मिळणार काय तिथे? तिथे तर एकोणीस दिवसांपूर्वीचाच माल आहे!"

"तेच बघायचंय," बाई म्हणाल्या. "आहे का ते."

४

दुसरं केंद्र म्हणजे एका जुन्या टेलिफोन एक्सचेंजची दुमजली इमारत. नदीच्या पुलावरून जाताना ती दिसायचीही नाही. आत सर्व्हरच्या तीन रांगा, एक टेबल, एक पंखा आणि पल्याडकर.

पल्याडकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नदीच्या पल्याड बसणारे, म्हणून पल्याडकर. वय त्रेसष्ट, एक्सचेंज होतं तेव्हापासून याच इमारतीत. मुदतवाढीवर होते. सगळे त्यांच्या एका सवयीला हसायचे. संगणक सगळे आकडे आपोआप साठवतो, तरी रोज सकाळी दहाला पल्याडकर एका लांबट वहीत निळ्या शाईने आदल्या दिवसभरात किती माल तारेवरून पलीकडून आला तो आकडा उतरवून काढायचे. साहेब एकदा सर्वांसमोर म्हणाले होते, "पल्याडकर, ही वही तुमच्याबरोबर निवृत्त होणार ना?"

"बाई! आज इकडे?" पल्याडकरांनी लगबगीने खुर्ची पुसली. "चहा?"

"चहा नको. वही दाखवा."

पल्याडकरांना क्षणभर थट्टाच वाटली. मग बाईंचा चेहरा बघून त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली.

"संगणकातले आकडे कुठे असतात?" बाईंनी पानं उलटत विचारलं.

"ते मुख्य इमारतीतल्या सर्व्हरवर. आज पाण्यात आहेत."

"म्हणजे आज तुमची वही सोडून जगात कुठेच नाहीत."

पल्याडकरांची पाठ थोडी ताठ झाली.

बाईंनी एकवीस दिवसांपूर्वीचं पान काढलं आणि बोट खाली सरकवत गेल्या. एक्केचाळीस. अडतीस. बेचाळीस. आणि मग एकदम दोनशे नव्वद. त्यापुढे समासात पल्याडकरांनी लिहिलं होतं, 'आज फार गर्दी. कारण कळले नाही. साहेबांना विचारले. उत्तर नाही.' त्यानंतर पुन्हा एक्केचाळीस, एकोणचाळीस, चाळीस, कालपर्यंत.

बाईंचं बोट दोनशे नव्वदवर थांबलं.

"पल्याडकर, या मालातला मोठा वाटा कोणाचा?"

"नोंदवहीचाच. तिच्यात अर्जांचे फोटो असतात ना. बाकीचं सगळं मिळून आठ-दहा भरेल."

"जुना कप्पा एकोणीस दिवसांपूर्वी बंद पडला. त्यात कोणी लिहीत नाही. म्हणजे त्याचा माल शून्य."

"शून्य."

"आणि नव्या कप्प्याची नक्कल जर इकडे येतच नसती, तर हा आकडा किती व्हायला हवा होता?"

पल्याडकरांनी ओठ हलवून हिशेब केला. "आठ. फार तर दहा." ते थांबले. त्यांनी वहीकडे बघितलं, मग बाईंकडे. "पण चाळीसच येतोय."

"चाळीसच येतोय! आणि हे दोनशे नव्वद म्हणजे नव्या कप्प्याची पहिली, पूर्ण नक्कल. माझा जावई खरं बोलला. नोंदी हरवलेल्या नाहीत, पल्याडकर. रोजच्या रोज इथे येतायत. याच खोलीत आहेत. फक्त त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही."

पल्याडकर आधीच उठले होते. डिस्कांच्या तक्त्यात, यादीतल्या सगळ्या कप्प्यांच्या खाली, एक बेवारस ओळ होती. नाव म्हणून नुसते आकडे आणि अक्षरं. कुठल्याही मजुराला न दिलेला एक कप्पा, शेवटची नक्कल आज सकाळी साडेनऊची.

बाईंनी एक फोन जावयाला लावला, दुसरा मुकादमिणीला, आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"शेवटची चार अक्षरं वाचा," जावई म्हणाला. पल्याडकरांनी वाचली. "हाच. याला आधी तसाच राखून ठेवा, त्यावरून दुसरी प्रत काढा आणि ती जोडा. मूळ नकलेला हात लावू नका."

"काय हो, एवढं बोलता येतं तुम्हाला!" मुकादमीण दुसऱ्या फोनमधून म्हणाली, आणि पुढच्याच श्वासात, "नोंदवही थांबवतेय. यादी बदलली. सकाळपासूनच्या नऊ नोंदी मी छापून घेतल्यात, त्या हाताने घालू. पल्याडकर, प्रत तयार झाली की 'हो' म्हणा."

"हो."

"उभं करतेय."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. बारा अठ्ठावन्नला पडद्यावर नोंदवही उघडली. बाईंनी रक्तगट टाकला. तीन नावं आली. तिसऱ्यापुढे बारा दिवसांपूर्वीची तारीख होती, आणि धंदा, वेल्डर.

पल्याडकरांनी डोळे मिटून हात जोडले. मुकादमीण फोनमध्ये ओरडली. बाईंनी नंबर फिरवला.

घंटा वाजत राहिली. कोणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी फोन बंद लागला.

५

"अर्जाचा फोटो उघडा," बाई म्हणाल्या. कार्डं लावणाऱ्या बाईला ठाऊक असतं, की फोनच्या रकान्याखाली माणसं बारीक अक्षरांत कामाच्या गोष्टी लिहून ठेवतात. वेल्डरने लिहिलं होतं, 'फोन लागला नाही तर भावाच्या गॅरेजवर सांगणे', आणि खाली पत्ता.

गॅरेजचा नंबर दोन मिनिटांत मिळाला. भावाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा पाण्याच्या टाकीवर चढलाय, वरती जोडकाम चालू आहे. फोन खाली डब्यात ठेवून जातो. थांबा, मी गाडी काढतो."

सव्वादोनला सिस्टरचा फोन आला. "आला! तोच हसरा. सुई बघून पुन्हा हसला. म्हणतो, बोलावलंत तर खरं, मला वाटलं नुसतंच नाव लिहून घेता. बाई, चारच्या आत रक्त तयार करते मी. तुम्ही काय जादू केलीत?"

"जादू नाही हो. वही आहे इथे एका माणसाची," बाई म्हणाल्या. पल्याडकर खिडकीतून उगाच बाहेर बघायला लागले.

बाई मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत.

"आता दुसरं काम," त्या म्हणाल्या. "मागण्यांचा कप्पा. पल्याडकर, आपण सकाळी नऊ बावन्नला काम इकडे घेतलं. त्यानंतर लोक इथल्या प्रतीवर लिहितायत, पुसतायत. पण पलीकडून साडेनऊला आलेली मूळ नक्कल? तिचं काय होतं?"

"ती तशीच असते. सात दिवस. तिच्यावर कोणालाच लिहिता येत नाही, साहेबांनाही नाही."

"तुम्हाला उघडता येते?"

"नुसती बघायला, हो."

"मग उघडा. आणि मी काय विचारतेय ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाईंनी आपल्या जावयासाठी पुरावा तयार केला. सहाशे बारा साडेनऊच्या नकलेत नसेल, तर माझा जावई खोटारडा आहे. असेल, तर ती आज सकाळी साडेनऊनंतर पुसलीय. पाणी शिरल्यावर."

पल्याडकरांनी नक्कल उघडली. सहाशे दहा. सहाशे अकरा.

सहाशे बारा.

बाईंनी ती दोनदा वाचली. जावयाने लिहिलं होतं, नेमक्या सात ओळींत. कप्पा का बदलला, नवा कुठला, पलीकडच्या यादीत काय बदलायचं. खाली त्याने पाच वेळा आठवण दिली होती, दर तीन दिवसांनी एकदा. आणि पहिल्याच आठवणीखाली एका ओळीचं उत्तर होतं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "छापा हे," त्या म्हणाल्या. "दोन प्रती."

६

तीनला दहा कमी असताना बाई सभागृहात शिरल्या. समिती अजून यायची होती. साहेब पुढच्या रांगेतल्या खुर्च्या सरळ करत होते. मुकादमीण दारात उभी होती. तिच्यामागे जावई, कोरडी पँट आणि ओले केस.

"मिळाल्या ना नोंदी?" साहेब उत्साहाने म्हणाले. "वा बाई! समितीला सांगतो, बारा मिनिटांत केंद्र उभं केलं आणि घातपात असूनही तीन तासांत—"

"घातपात झालेला नाही, साहेब. नक्कल एक मिनिटही थांबलेली नव्हती. पलीकडची यादी तेवढी जुनी राहिली होती."

"मग ती मुकादमिणीची जबाबदारी."

"तिला कोणी कळवलंच नाही. कळवायचं होतं ते सहाशे बारा नंबरच्या मागणीवर होकार आल्यावर. ती मागणी आज पुसली गेली. पुसता येतं दोघांना, आणि साडेदहाच्या फोनआधी ती पुसायचं कारण कोणालाच नव्हतं. साडेदहापासून मी वर येईपर्यंत मुकादमीण अख्ख्या मजल्यासमोर सिस्टरशी फोनवर होती, आणि मी वर आले तेव्हा मागणी आधीच गेलेली होती." बाईंचा आवाज चढला नव्हता. "पण मला शंका त्याच्याही आधी आली. साडेदहाला, कोणाला काहीच माहीत नव्हतं तेव्हा, तुम्ही म्हणालात, 'नव्या डिस्कवर माल हलवताना'. माल हलवलाय हे तेव्हा फक्त माझ्या जावयाला ठाऊक होतं. आणि त्याची मागणी वाचणाऱ्याला. पावणेबाराला मात्र तुम्ही मला सांगितलंत, की मला हे आत्ताच कळतंय."

साहेबांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. तिचा पाय फरशीवर खरखरला.

बाईंनी कागद पुढे केला. त्यावरची एक ओळ सगळ्यांना वाचता आली. 'तपासणी होईपर्यंत पलीकडे कशालाही हात लावू नये. दिवे हिरवे आहेत, ते हिरवेच राहू देत.'

मग साहेब जवळच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या इस्त्रीला पहिल्यांदाच घडी पडली.

"मी घाबरलो," ते म्हणाले. "समितीच्या तोंडावर यादी बदलायची, काही अडलं तर? म्हटलं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. सिस्टरचा फोन आला तेव्हा लगेच कळलं मला काय झालंय. तेव्हाच बोललो असतो तर…" त्यांनी जावयाकडे बघितलं. "तुम्ही का नाही बोललात? तुमच्याकडे माझं उत्तर होतं."

"उत्तर वाचून मी गप्प बसलो नसतो, तर आज ही वेळ आली नसती," जावई म्हणाला. "आठवणी दिल्या, पण मुकादमिणीला जाऊन सांगितलं नाही. म्हणून म्हटलं, आधी आपली चूक सांगावी."

"तुझी चूक होती," बाई म्हणाल्या. नकळत 'तुम्ही'चा 'तू' झाला होता. "ती मी अहवालात लिहिणार आहे. आणि तू कप्पा मोठा केला नसतास, तर त्या वेल्डरची नोंद कुठेच झाली नसती, तेही लिहिणार आहे."

साहेब उठले. दारात समितीची माणसं दिसत होती. बाईंना वाटलं, आता हा माणूस हसून पुढे होईल आणि बारा मिनिटांचं भाषण ठोकेल. साहेब पुढे झाले. पण त्यांनी तो कागद समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिला आणि म्हणाले, "सुरुवात इथून करा. हे उत्तर माझं आहे, आणि आज सकाळी ते मीच पुसलं."

बाईंनी त्या दिवशी दोन माणसांविषयीचं आपलं मत बदललं. एकाविषयी थोडं. दुसऱ्याविषयी पूर्ण.

पावणेसहाला सिस्टरचा फोन आला. चित्रकलेच्या बाई शुद्धीवर आल्या होत्या.

७

पाच आठवड्यांनी, भर कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी बाईंनी सरावासाठी मुख्य इमारतीतली सर्व्हरची खोली बंद करायला सांगितली. समितीखेरीज आधी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. साहेबांनाही नाही. समितीने त्यांचं पद काढून घेतलं होतं. आता ते आपण होऊन रोज सकाळी मुकादमिणीकडे बसून याद्या शिकत होते.

बटण जावयाने दाबलं. पंख्यांची घरघर एकेक करून थांबली.

नदीपलीकडे मजूर उभे राहू लागले. आता तिथल्या तक्त्यावर हिरव्या दिव्याशेजारी आणखी एक रकाना होता. या कप्प्यात शेवटचं अक्षर कधी लिहिलं गेलं, त्याची वेळ. हा रकाना पल्याडकरांनी सुचवला होता. मुकादमिणीने तो तयार केला आणि त्यांचं नाव देऊन समितीला कळवला.

आठव्या मिनिटाला नोंदवही उघडली. बाईंनी पुन्हा तोच रक्तगट टाकला. त्या सकाळी दहा पन्नासला रक्तपेढीत एक दाढीवाला तरुण आला होता. चित्रकलेच्या बाईंचा धाकटा भाऊ. बहिणीचा गट कळल्यावर त्याने आपलंही रक्त तपासून घेतलं होतं. तोच दुर्मिळ गट निघाला, आणि तो आपण होऊन नाव द्यायला आला.

अकराची नक्कल वेळेवर आलेली होती. त्याचं नाव चौथ्या ओळीत होतं.

मागे समितीच्या अध्यक्षा उभ्या होत्या. "हे डिस्कचं काम कोण बघतं?" त्यांनी विचारलं. "इतकं नेटकं कुठे पाहिलं नाही मी."

जावई नेहमीप्रमाणे जमिनीकडे बघायला लागला.

"तो बोलायचा नाही, मीच सांगते," बाई म्हणाल्या. "माझा जावई आहे. त्याला जे विचारायचंय ते विचारा. सावकाश सांगेल, पण बरोबर सांगेल."